दोन चित्रांमधला बाण

व्याख्यान संपत आले होते. पडद्यावर दोन चित्रे होती. डावीकडे एक तांबूस, वेडावाकडा ठिपका, पाण्यात पडलेल्या शाईसारख्या विरत गेलेल्या कडांचा. उजवीकडे एक देखणी सर्पिल दीर्घिका: मध्यभागी पिवळसर उजेड, त्याभोवती निळ्या ताऱ्यांनी भरलेले बाहू आणि त्या बाहूंच्या आतल्या कडेने वळत गेलेल्या धुळीच्या काळ्या रेषा. दोन्हींच्या मध्ये मी एक पांढरा बाण काढला होता आणि त्याखाली ‘दहा अब्ज वर्षे’ एवढेच लिहिले होते. पहिल्या रांगेत बसलेल्या नऊ-दहा वर्षांच्या एका मुलीने हात वर न करताच विचारले, “ही तीच आहे का?” मी म्हणाले, “हो, तीच. मोठी झालेली.” आणि पुढच्या चित्राकडे वळले. तिने मान डोलावली. तिचे समाधान झाले होते, आणि नेमके तेच मला नंतर कित्येक दिवस खुपत राहिले.

कारण ती तीच नव्हती. डावीकडच्या दीर्घिकेचा प्रकाश निघाला त्याला दहा अब्ज वर्षे होऊन गेली. त्यानंतर तिचे काय झाले, ती एखाद्या मोठ्या दीर्घिकेत विरून गेली की आजही कुठेतरी शांतपणे फिरते आहे, हे आपल्याला कधीच कळणार नाही. उजवीकडची आपल्यापासून अवघ्या काही कोटी प्रकाशवर्षांवर आहे. तिच्या बालपणीचा प्रकाशही एकदा या जागेवरून गेला असणार, पण तेव्हा पृथ्वी नव्हती, सूर्य नव्हता, तो प्रकाश टिपायला कोणी नव्हते. तो केव्हाच पुढे निघून गेला आणि आता कोणत्याही दुर्बिणीच्या हाती लागणार नाही. त्या दोघींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. तो मी जोडला होता, एक रेघ ओढून आणि तिला टोक काढून.

आकाशात तो बाण कुठेच नाही.

आपल्या आकाशगंगेची शेजारीण असलेली देवयानी दीर्घिका मी पहिल्यांदा पाहिली ती वडिलांच्या जुन्या द्विनेत्रीतून. धातूची नळी हाताला गार लागत होती, माझ्याच श्वासाने भिंगावर धुके धरत होते आणि मी छायाचित्रात पाहिलेल्या त्या तेजस्वी भोवऱ्याची वाट पाहत होते. दिसला तो करड्या रंगाचा एक लांबट पुंजका. मी हिरमुसले. तेव्हा वडील म्हणाले, “तिच्याकडे सरळ बघू नकोस, जरा बाजूला बघ.” मी नजर थोडी हटवली आणि तो पुंजका एकदम दुपटीने पसरला. अंधुक प्रकाश डोळ्यातल्या पडद्याच्या मध्यापेक्षा त्याच्या कडेच्या भागाने जास्त चांगला टिपला जातो, हे शास्त्र मला नंतर समजले. त्या रात्री मात्र वाटले की काही गोष्टी रोखून पाहिल्या की लपतात. तो प्रकाश पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघाला होता, हे वडिलांनी सांगितले आणि मी ते विश्वासाने ऐकले. पुढे बऱ्याच वर्षांनी लक्षात आले की हेही पुरते खरे नाही. देवयानीची तबकडी आपल्या दिशेने कललेली आहे. तिच्या पलीकडच्या कडेचा प्रकाश अलीकडच्या कडेच्या प्रकाशापेक्षा लाखभर वर्षे आधी निघालेला असतो. म्हणजे जिला आपण एक दीर्घिका म्हणून एका नजरेत पाहतो, तिच्या दोन कडा एकाच काळातल्या नसतात. एका क्षणाचे असे तिचे चित्र या जागेवरून कोणी काढूच शकत नाही.

माझ्यासारखाच मोह या शास्त्रालाही त्याच्या उमेदीच्या काळात पडला होता. खगोलशास्त्रज्ञ एडविन हबल यांनी १९२३ साली देवयानीतला एक रूपविकारी तारा, म्हणजे ठरावीक लयीत तेज बदलणारा आणि त्यावरून अंतर मोजू देणारा तारा, ओळखला आणि ती आपल्या आकाशगंगेबाहेर, स्वतंत्र आहे हे दाखवून दिले. त्यानंतर त्यांनी दीर्घिकांची आकारानुसार मांडणी केली: एका टोकाला गुळगुळीत लंबवर्तुळाकार, दुसऱ्या टोकाला दोन फांद्यांत विभागलेल्या सर्पिल. पहिल्यांना त्यांनी ‘आधीच्या’ आणि दुसऱ्यांना ‘नंतरच्या’ प्रकारच्या म्हटले. हे शब्द कालक्रम दाखवत नाहीत, असेही त्यांनी बजावून ठेवले होते. तरीही आकृतीत डावीकडून उजवीकडे सरकणारी नजर आणि ‘आधी-नंतर’ हे शब्द एकत्र आले की मनात बाण आपोआप उमटतो. आज आपल्याला जे माहीत आहे ते जवळपास उलटे आहे. दोन सर्पिल दीर्घिका एकमेकींवर आदळून मिसळल्या की त्यांच्या रेखीव तबकड्या मोडतात आणि बरेचदा लंबवर्तुळाकार दीर्घिका तयार होते. शब्द मात्र तसेच राहिले. खगोलशास्त्रज्ञ आजही लंबवर्तुळाकार दीर्घिकांना ‘आधीच्या प्रकारच्या’ म्हणतात आणि त्याचा अर्थ तसा नाही, हे प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला समजावून सांगतात.

एकाच दीर्घिकेला वाढताना पाहता येत नसेल, तर तिच्या वाढीबद्दल आपण इतक्या खात्रीने बोलतो ते कशाच्या जोरावर? त्या मुलीच्या प्रश्नाला खरे उत्तर द्यायचे तर इथूनच सुरुवात करायला हवी होती. पहिला आधार खुद्द प्रकाशाचा. दीर्घिकेचा वर्णपट, म्हणजे तिचा प्रकाश रंगारंगांत फोडून मिळणारा पट्टा, ही तिच्यातल्या कोट्यवधी ताऱ्यांच्या प्रकाशाची एकत्र बेरीज. वजनदार निळे तारे झगमगतात आणि काही कोटी वर्षांतच संपतात. लहान तांबडे तारे मंद जळतात आणि विश्वाच्या वयाहूनही जास्त टिकतात. त्यामुळे एखाद्या दीर्घिकेत निळा प्रकाश भरपूर असेल तर तिथे नुकतेच तारे जन्मले आहेत, आणि तो नसेल तर तिथला जन्मसोहळा फार पूर्वीच आटोपला आहे, असे म्हणता येते. ऐकायला हे सोपे वाटते, पण प्रत्यक्षात ही बेरीज उलगडणे अतिशय अवघड असते. दीर्घिका तांबूस दिसते ती म्हाताऱ्या ताऱ्यांमुळे, की ताऱ्यांत जड मूलद्रव्ये जास्त असल्यामुळे, की मध्ये धूळ आल्यामुळे? तिन्ही कारणांचा रंग जवळपास सारखाच. त्यावर विश्वाच्या प्रसरणामुळे लांबलेल्या तरंगलांबीची, म्हणजे ताम्रसृतीची, आणखी एक छटा चढलेली असते. ती वर्णपटातल्या ओळखीच्या रेषांवरून मोजून वेगळी काढता येते आणि तिच्यावरून अंतरही ठरते. बाकीच्या तिघांचा गुंता मात्र अवरक्त किरणांपासून अतिनील किरणांपर्यंतची मोजमापे एकत्र ठेवून, वर्णपटातली एकेक रेषा तपासून सोडवावा लागतो. शिवाय मूठभर तरुण ताऱ्यांच्या लखलखाटात म्हाताऱ्या ताऱ्यांची मोठी संख्या झाकली जाते. दीर्घिकेतल्या ताऱ्यांचे बहुतेक वस्तुमान ज्यांच्यात असते, तेच दिसेनासे होतात.

ही बेरीज काळाबरोबर कशी बदलते, याचा पद्धतशीर हिशेब खगोलशास्त्रज्ञ बिआट्रिस टिन्सली यांनी १९६७ साली टेक्सास विद्यापीठातल्या आपल्या प्रबंधात मांडला. त्या काळी विश्वाचे प्रसरण मोजणारे अभ्यासक दूरच्या मोठ्या दीर्घिकांना सारख्या तेजाचे दिवे मानून त्यांच्या मंदपणावरून हिशेब करत होते. टिन्सली यांनी दाखवले की दिवाच वयानुसार मंदावतो. तारे म्हातारे होतात, मरतात, नवे जन्मतात, आणि हे लक्षात घेतले नाही तर त्या दिव्यांवर उभारलेला सगळा हिशेब डळमळतो. या स्त्रीबद्दल मला फार आपुलकी वाटते. कर्करोगाने १९८१ साली, वयाच्या चाळिसाव्या वर्षी त्या गेल्या, आणि शेवटच्या आजारपणातही त्यांनी काम सोडले नाही. दीर्घिकांना वय असते आणि ते त्यांच्या प्रकाशात लिहिलेले असते, ही जाणीव आज इतकी रुजली आहे की ती कोणाला तरी पहिल्यांदा पटवून द्यावी लागली होती, याचा आपल्याला विसर पडतो.

दुसरा आधार गर्दीचा. डिसेंबर १९९५ मध्ये हबल दुर्बिणीने सप्तर्षींजवळच्या, डोळ्यांना रिकाम्या दिसणाऱ्या एका कणभर जागेकडे सलग दहा दिवस टक लावली. दुर्बिणीच्या संस्थेचे संचालक रॉबर्ट विल्यम्स यांनी स्वतःच्या अखत्यारीतला वेळ या कामासाठी दिला, आणि एवढ्या मौल्यवान वेळात हाती काहीच लागणार नाही अशी शंका काही जाणकारांना होती. ३४२ वेळा प्रकाश टिपून जुळवलेल्या त्या चित्रात सुमारे तीन हजार दीर्घिका निघाल्या. ते चित्र मी आजही उघडून बसते. त्यात जवळची मोठी सोनेरी दीर्घिका आणि तिच्या खांद्याआडून डोकावणारा निळा ठिपका यांच्यामध्ये कित्येक अब्ज वर्षांचे अंतर असते आणि कागदावर ते चिकटून बसलेले असतात. दूरच्या काळातल्या दीर्घिका लहान आहेत, ओबडधोबड आहेत, गुठळ्या-गुठळ्यांच्या आहेत. जवळ यावे तसतसा नीटसपणा वाढतो. प्रत्येक काळातल्या दीर्घिकांमध्ये मिळून किती तारे जन्मत होते, याची मोजदाद करत गेल्यावर एक आलेख तयार झाला: ताऱ्यांचा जन्मदर सुमारे दहा अब्ज वर्षांपूर्वी सर्वाधिक होता आणि तेव्हापासून तो घसरत घसरत आज त्याच्या साधारण एक-दशांशावर आला आहे. विश्वाचा बहर ओसरला आहे. आपण त्याच्या संध्याकाळी जन्मलो, हे वाक्य मी व्याख्यानात म्हणते तेव्हा दरवेळी माझा आवाज किंचित उतरतो.

पण हा आलेख कुणा एकीचा नाही, तो समूहाचा आहे. हा बहर का ओसरला याचा एक धागाही समूहातूनच मिळाला. तारे हायड्रोजन वायूपासून बनतात, आणि आठ अब्ज वर्षांपूर्वीच्या एकेका दीर्घिकेतल्या अणुरूप हायड्रोजनची रेडिओ कुजबुज इतकी क्षीण असते की ती सुटी ऐकूच येत नाही. जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप वापरणाऱ्या अभ्यासकांनी ७,६५३ दीर्घिकांचे संकेत एकावर एक रचले, तेव्हा त्या थरातून सरासरी संकेत वर आला. २०२० साली त्यांनी मांडलेला निष्कर्ष असा होता की त्या दीर्घिकांजवळचा हा वायू त्या वेगाने तारे घडवत राहिल्यास एक-दोन अब्ज वर्षांतच संपला असता. बाहेरून नवा वायू पुरेसा येत नव्हता, म्हणून जन्मदर घसरला. या मोजमापात कोणत्याही एका दीर्घिकेबद्दल काहीही कळत नाही. सगळ्यांबद्दल मिळून मात्र कळते. मला ही गोष्ट विलक्षण वाटते आणि थोडी उदासही करते.

मग आपल्या आकाशगंगेचे बालपण? तिचा प्रकाश तर आपल्याला मागे वळून पाहताच येत नाही. यासाठी एक युक्ती वापरतात, आणि माझ्या बाणाच्या सर्वांत जवळ जाणारी तीच आहे. मुले उंचीनुसार रांगेत उभी आहेत असे समजा. काही वर्षांपूर्वीच्या रांगेतही आजच्या विसाव्या मुलाची जागा साधारण विसावीच असेल, असे धरले तर त्या जुन्या रांगेतल्या विसाव्या मुलाकडे पाहून आजच्या मुलाच्या लहानपणाचा अंदाज बांधता येतो. दीर्घिकांची रांग वस्तुमानाने लावतात. २०१३ साली या पद्धतीने सुमारे ४०० दीर्घिका निवडल्या गेल्या, वेगवेगळ्या काळातल्या, पण आकाशगंगेच्या जागी उभ्या असलेल्या. त्यांतून असे दिसले की अशा दीर्घिकांचा मध्य आणि तबकडी बरोबरीने वाढत गेले. आधी गाभा आणि मग भोवतालचा विस्तार, असे झाले नाही. यातले गृहीतक सगळ्यांना ठाऊक असते: मुले एकमेकांना मागे टाकतात, आणि दीर्घिका तर एकमेकींना गिळतातही.

टक्कर कशी होते, हे पाहायला कोणाकडे काही अब्ज वर्षे नाहीत. १९४१ साली स्वीडनमधले एरिक होल्मबर्ग यांनी यावर जो मार्ग काढला, तो आठवला की मला आजही भारावल्यासारखे होते. गणक नव्हते. त्यांनी दिवे घेतले, एकेका दीर्घिकेसाठी ३७. दिव्याचा प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो आणि गुरुत्वाकर्षणही तसेच. म्हणून प्रत्येक दिव्याच्या जागी प्रकाश मोजण्याचे उपकरण ठेवायचे, कोणत्या दिशेने किती उजेड येतो ते पाहायचे, त्यालाच ओढ समजायचे आणि तो दिवा तेवढा सरकवायचा. मग पुढचा दिवा. मग पुन्हा सगळे पहिल्यापासून. अंधाऱ्या खोलीत एक माणूस वाकून दिवे बोटाबोटाने सरकवतो आहे आणि त्या चिमुकल्या उजेडांमध्ये दोन दीर्घिका एकमेकींना ओढून वाकड्या करत आहेत, हे चित्र माझ्या मनातून जात नाही. पुढे १९७२ साली अलार आणि युरी टूम्रे या भावांनी गणकावर दाखवले की आकाशात दिसणाऱ्या लांबलचक ताऱ्यांच्या शेपट्या अशाच भेटींमधून ओढल्या जातात. आज महासंगणकांवर विश्वाचे संपूर्ण तुकडे वाढवले जातात. तिथे, आणि फक्त तिथेच, एखाद्या दीर्घिकेवर बोट ठेवून तिला जन्मापासून आजपर्यंत सोडून न देता पाहता येते. तिचा वंशवृक्ष काढता येतो. पण गंमत अशी की तिथेही ‘तीच’ हा शब्द अडखळतो. दोन सारख्या दीर्घिका मिसळून एक झाली, तर त्या एकीचे बालपण कोणते? अभ्यासक जास्त वस्तुमानाच्या फांदीला मुख्य शाखा म्हणतात आणि पुढे जातात. तो एक संकेत आहे, सोयीसाठी ठरवलेला.

आपल्या आकाशगंगेतही अशी एक दुसरी दीर्घिका मुरलेली आहे. ताऱ्याच्या बाहेरच्या थरांत तो ज्या वायूतून जन्मला त्या वायूची घडण बहुतांशी तशीच राहते, आणि लहान तारे अब्जावधी वर्षे टिकतात. म्हणून प्रत्येक जुना तारा आपल्या जन्मगावाचा दाखला बाळगून फिरत असतो. गाया या अवकाश दुर्बिणीने शंभर कोटींहून जास्त ताऱ्यांच्या जागा आणि हालचाली मोजल्या. २०१८ साली त्या मोजमापांतून अमिना हेल्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना, तसेच स्वतंत्रपणे आणखी एका गटाला, ताऱ्यांचा एक मोठा जमाव सापडला. त्यांच्या कक्षा भलत्याच लांबट, काहींची चाल तर तबकडीच्या उलट दिशेची, आणि घडणही वेगळी. सुमारे दहा अब्ज वर्षांपूर्वी आकाशगंगेत एक दीर्घिका येऊन विरघळली होती, हे त्यांच्यावरून कळले. ती दीर्घिका उरली नाही, पण तिचे तारे इथेच आहेत. आज रात्री जे आकाश दिसेल त्यात ते आपल्या ताऱ्यांमध्ये मिसळून चमकत असतील, आणि नुसत्या डोळ्यांनी त्यांना वेगळे काढता येणार नाही.

बाणाचे डावे टोकही आता सरकत चालले आहे. जेम्स वेब दुर्बिणीने टिपलेली एक दीर्घिका महास्फोटानंतर अवघ्या तीस कोटी वर्षांच्या आतबाहेरची आहे, अपेक्षेहून पुष्कळ तेजस्वी. २०२५ साली तिच्या प्रकाशात प्राणवायूची खूण सापडल्याचे जाहीर झाले. प्राणवायू महास्फोटात तयार झाला नाही. तो ताऱ्यांच्या पोटात शिजतो आणि ते मेल्यावर बाहेर पडतो. म्हणजे आपल्याला ठाऊक असलेल्या सर्वांत कोवळ्या दीर्घिकांपैकी एकीतही ताऱ्यांची एक पिढी जगून संपलेली होती. जिला आपण सुरुवात म्हणून पाहायला गेलो, तिच्यामागेही एक भूतकाळ निघाला.

मी ते व्याख्यान पुन्हा उघडले. बाणावर टिचकी मारली आणि तो पुसला. दोन चित्रे एकमेकींपासून सुटी झाली आणि पडदा विचित्र ओकाबोका वाटू लागला. त्या जागी आता सात-आठ दीर्घिका आहेत, वेगवेगळ्या काळातल्या, एकमेकींना अनोळखी, आणि प्रत्येकीखाली ती कोणत्या आधाराने तिथे उभी आहे ते लिहिले आहे. मग मी एक नवे चित्र जोडले. २०१४ सालच्या त्या चित्रात एक प्रचंड दीर्घिकासमूह भिंगासारखा मध्ये उभा आहे. त्याच्या गुरुत्वाकर्षणाने मागच्या एका सर्पिल दीर्घिकेचा प्रकाश वेगवेगळ्या वाटांनी वळला आहे, त्यामुळे ती एकाच चित्रात अनेकदा दिसते. वाटांची लांबी सारखी नाही, म्हणून प्रत्येक प्रतिमेत काळही सारखा नाही. एका प्रतिमेत एक तारा फुटून अतिनवतारा झालेला आहे, चार ठिपक्यांत विभागलेला. दुसऱ्या प्रतिमेत तो अजून फुटायचा आहे. असे काही दिसू शकेल हे खगोलशास्त्रज्ञ स्यूर रेफ्सडाल यांनी १९६४ साली लिहून ठेवले होते. ते २००९ साली गेले आणि या अतिनवताऱ्याला त्यांचेच नाव दिले गेले. अभ्यासकांनी गणित करून सांगितले की दुसऱ्या प्रतिमेतही तो साधारण २०१५ संपता संपता उजळेल, आणि ११ डिसेंबर २०१५ रोजी, सांगितलेल्या जागी, तो दिसला.

अजून न फुटलेल्या ताऱ्याच्या प्रतिमेपासून फुटलेल्या ताऱ्याच्या प्रतिमेपर्यंत मी एक लहानसा पांढरा बाण काढला आणि त्याखाली लिहिले: सुमारे एक वर्ष. तीच.